ओटावाची लाडूवाली चेटकीण

भुतं गोळा करायला कॅनडाला जावं, ही कल्पना माझी नव्हे. माझ्या पुण्याच्या प्रकाशकांची. गेली तीस वर्षं मी दिवाळी अंकांतून भयकथा लिहिते. सांगलीला एका कॉलेजात ग्रंथपाल होते, आता घरीच असते. आजवर माझ्या नावावर एकोणीस हडळी, सात मुंजे आणि एक बोलणारी विहीर जमा आहे. पण प्रकाशकांना एके सकाळी साक्षात्कार झाला.

"ताई, हडळीला आता कुत्रंसुद्धा भीत नाही. नव्या वाचकाला हॅलोविन पाहिजे. तुम्ही नाहीतरी भाचीकडे निघालाच आहात, तर तिथल्या दंतकथा गोळा करा. बारा कथा झाल्या की पुस्तक."

हे गृहस्थ लिफ्ट बंद पडली तर जिना एकटे चढत नाहीत. पण वाचकाला कशाची भीती वाटते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मी हो म्हणाले. का म्हणाले, तर मलाही हडळींचा कंटाळा आला होता. हे त्यांना सांगितलं नाही.

ओटावा, ऑक्टोबरचा मध्य

माझी भाची ऋतुजा ओटावाच्या कनाटा भागात राहते. नवरा निनाद तिथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि नऊ वर्षांची सई शाळेत. सई मला आजी म्हणते. त्यापलीकडे तिचं मराठी जात नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि आमचं उत्तम चालतं.

विमानतळावरून घरी येताना मेपलची झाडं लालभडक झालेली दिसली. इतका सुंदर रंग मी जन्मात पाहिला नव्हता. त्या झाडांच्या खाली मात्र प्रत्येक अंगणात प्लॅस्टिकचे सांगाडे. एक सांगाडा झोपाळ्यावर, एक सायकलवर. एका घरापुढे तर दुमजली उंचीचा सांगाडा दोऱ्यांनी बांधून उभा केलेला. मी निनादला विचारलं, "वर्षभर हा ठेवतात कुठे?"

"बेसमेंटमध्ये, मावशी. डिसमँटल करून."

म्हणजे या देशात प्रत्येक घराच्या तळघरात खरोखरच हाडं पुरलेली असतात. पण त्यांना कोणी भीत नाही, कारण त्यांच्यासोबत पावती असते.

शनिवारी सकाळी ऋतुजानं व्हॅक्यूमनं व्हरांड्यातली कोळिष्टकं काढली. दुपारी पाकीट फोडून त्याच कोपऱ्यात विकतची कोळिष्टकं लावली.

"अगं, आधीची काय वाईट होती?" मी विचारलं.

"मावशी, ती डर्टी होती. ही डेकोरेशनची आहेत."

मग भोपळा कोरण्याचा कार्यक्रम झाला. सईनं भोपळ्याला दात काढले आणि आतला सगळा गर कचऱ्यात टाकायला निघाली. मला ते बघवेना. मी गर उचलला, किसला, गूळ घातला, घारगे करायला बसले. पण त्या गराला पाणी सुटतच राहिलं. कणीक घालावी तेवढी थोडी. शेवटी घारग्यांऐवजी जे झालं ते चमच्यानं खावं लागलं. संध्याकाळी निनादनं हळूच सांगितलं की कोरायचा भोपळा वेगळा आणि खायचा वेगळा. बघण्यासाठी पिकवलेली भाजी! मी ही माहिती वहीत भयकथांच्या पानावर लिहिली.

दंतकथांचं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात मी शेजारणी, वाचनालयातल्या बायका आणि निनादच्या ऑफिसातले तिघे अशा सगळ्यांना गाठलं. ऋतुजा दुभाषी. प्रत्येकानं आवाज खाली करून एकच गोष्ट सांगितली. हॅलोविनला नटून घरोघर खाऊ मागत फिरणाऱ्या एका मुलाच्या सफरचंदात ब्लेड निघालं. कोणाच्या? तर चुलत बहिणीच्या मैत्रिणीच्या मुलाच्या. तिचं नाव? ते आठवत नाही. गाव? टोरोंटोकडे कुठेतरी. ज्यानं ब्लेड डोळ्यांनी पाहिलं असा एक माणूस मला सापडला नाही. आमचा मुंजा निदान पत्ता देतो. अमुक मळ्यातला, तमुक पिंपळावरचा. या लोकांचं भय बिनपत्त्याचं आणि तरीही घरोघर पोचलेलं.

मॉन्ट्रियल, एक दिवस

ओटावात काही मिळेना तेव्हा ऋतुजा म्हणाली, "मॉन्ट्रियलला जाऊन ये. जुनं शहर आहे, तिथं असतील भुतं." तिच्या ओळखीची एक मुलगी तिथं शिकत होती. लातूरची केतकी. ती हॅलोविनपुरती एका भूतबंगल्यात पार्टटाइम नोकरी करत होती.

भूतबंगला म्हणजे जुनं गोदाम. दुपारी दोनचा खेळ. दारात "बोंजूर" झालं, आत धूर सोडलेला, आणि तिसऱ्या खोलीत शवपेटीतून केतकी उठली. तोंडाला पांढरा रंग, केसांत गवत. ती फ्रेंचमध्ये किंचाळली, मग मला ओळखून कुजबुजली, "मावशी, बाहेर थांबा, माझा ब्रेक पाच मिनिटांत आहे."

ब्रेकमध्ये ती तोंडावरचा रंग सांभाळत पोळीभाजीचा रोल खात होती. मी विचारलं, "काय ओरडलीस?"

"मी मेले आहे, मला शांती द्या. फ्रेंचमध्ये तीन वाक्यं पाठ केलीत. इथं नोकरीला फ्रेंच लागतंच, भूत व्हायलासुद्धा."

"आणि तुमच्या या भुताची मूळ कथा काय?"

"मूळ? मॅनेजर नेटवरून प्रिंटआउट काढतो. गेल्या वर्षी मी नन होते. यंदा नवरी."

तिला घरची आठवण आली होती. आईशी बोलताना ती रंग पुसून मगच कॅमेरा लावते म्हणाली. आईला वाटतं, मुलगी ग्रंथालयात काम करते. त्या पोरीच्या डोळ्यांत जे होतं ते कुठल्याही प्रिंटआउटमध्ये नव्हतं, पण प्रकाशकांना तसलं काही नको होतं. मी परतीची बस पकडली. वहीत दंतकथा एकही नाही.

पुन्हा ओटावा

दुसऱ्या दिवशी सईला शाळेच्या बसवरून आणायला गेले. येताना ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली.

"इकडून का?" मी विचारलं.

"बिकॉज ऑफ द बॉल विच." तिनं जुन्या वस्तीतल्या एका घराकडे मान केली. बुटकं विटांचं घर, पुढे मोठा पाइन, खिडक्यांना पडदे. "शी गिव्ज यू अ ब्राऊन बॉल. यू ईट इट, अँड यू नेव्हर वेक अप. अ किड डाइड. लाइक, फॉर रिअल."

तपकिरी गोळा देणारी चेटकीण! माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. पत्ता असलेली दंतकथा. वाचनालयातल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, हो, मी चौथीत होते तेव्हाही हे घर होतंच. तिच्यासोबत शिकणाऱ्या कोणाचा तरी भाऊ मेला होता म्हणे. नाव आठवत नव्हतं. ते नाव नव्हतं याकडे मी त्या दिवशी काणाडोळा केला. ब्लेडवाल्यांना हसणारी मीच.

त्याच दुपारी मी प्रकाशकांना कथेचा आराखडा ईमेल केला. मराठी वाचकाला तपकिरी गोळा म्हणजे काय कळणार, म्हणून मी त्याचा लाडू केला. लाडू आला म्हणून चेटकिणीला नऊवारी नेसवली. नऊवारी आली म्हणून तिच्या कपाळावर आडवं कुंकू आलं. तासाभरात परदेशात वाट चुकलेली मराठी चेटकीण तयार झाली. सकाळी प्रकाशकांचा फोन. "ताई, हीच पहिली कथा! पुस्तकाचं नावही तेच. मुखपृष्ठ काढायला देतो."

दोन दिवसांनी वातावरण टिपायला म्हणून मी एकटीच त्या घरापुढे गेले. पाइनखाली उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होते, तोच दार उघडलं. पांढऱ्या केसांची, स्वेटर घातलेली बाई दारात.

"कॅन आय हेल्प यू?"

मी दचकले. फोन हातातून पडला. तोंडातून गेलं, "अगं बाई!"

त्या बाईचा चेहरा एकदम बदलला. "मराठी?" त्या म्हणाल्या. "या, या आत या. बाहेर किती गार आहे!"

त्यांचं नाव नलिनी गोखले. वय ब्याऐंशी. नवरा डॉक्टर होता, इस्पितळात एक्स-रेचा तज्ज्ञ. लग्न होऊन त्या इथं आल्या, मुलगी माधवी इथंच जन्मली. डॉक्टर सहा वर्षांपूर्वी गेले. मी ऋतुजाची मावशी, सांगलीची, एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर त्यांनी गॅस पेटवला आणि थालीपीठ लावलं. लोणी घरचं. सांगलीत अजून भडंग तसंच मिळतं का, हळदीचा बाजार पाहिलात का, असं विचारत राहिल्या. चेटकिणीच्या स्वयंपाकघरात तव्यावर थालीपीठ चुरचुरत होतं आणि माझ्या पिशवीत तिच्या नावाची वही होती. मला ते थालीपीठ गिळवेना. तरी दोन खाल्ली.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"लिहिते. कथा."

"कसल्या?"

"भयकथा. भुताखेतांच्या."

त्यांनी गॅस बंद केला. उलथनं खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही माझ्याचसाठी आला होतात."

 दारापर्यंत जावं असा विचार केला, पण पायात बूट घालायला मला दहा मिनिटं लागतात. पळून जाण्यासारखा तो देश नाही.

"बसा," नलिनीताई म्हणाल्या. "विचारा काय विचारायचं ते. चाळीस वर्षं झाली, लोक सांगतातच आहेत. विचारायला कोणी आलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. या घरात आल्यावरचं पहिलंच हॅलोविन. दिवाळी चार दिवसांवर, फराळ झालेला. डॉक्टर ड्यूटीवर. मुलं दारात येतात हे माहीत होतं, पण घरात गोळ्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी बेसनाचे लाडू कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून दिले. "वीसेक मुलं आली. काय छान नटली होती! मला वाटलं, आपल्या दिवाळीला इथं पहिल्यांदाच पाहुणे आले."

त्याच रात्री पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाला ताप चढला. दोन पोलीस आले. फार सभ्यपणे बोलले. लाडवांचा अख्खा डबा पुरावा म्हणून घेऊन गेले. त्या काळी हॅलोविनच्या गोळ्या तपासायला लोक इस्पितळातच आणत, एक्स-रे काढायला. तसे ते लाडूही गेले.

"आणि ड्यूटीवर कोण? आमचे हे." नलिनीताई हसल्या. "स्वतःच्या बायकोचे लाडू यांनी मशीनखाली ठेवले. एकेक करून. माझी बायको आहे हे सांगायचीही लाज वाटली म्हणाले, आणि न सांगायचीही. रिपोर्ट लिहिला, धातू नाही, काच नाही. मला घरी येऊन म्हणाले, एक बेदाणा संशयास्पद होता."

मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. शाळेत साथच होती. पण तोवर गोष्ट घरोघर गेली होती, आणि ताप उतरल्याची बातमी सांगत कोणी फिरत नाही. माधवी दुसरीत होती. तिच्या डब्याशेजारी कोणी बसेना. ती घरी येऊन म्हणाली, मला ब्रेडच दे. मग म्हणाली, शाळेत मला मॅडी म्हणायचं. मग मराठी बोलायची बंद झाली. आता ती कोक्विटलामला असते, देशाच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी फोन करते, इंग्रजीत. हॅलोविनच्या दिवशी नलिनीताई आणि डॉक्टर सगळे दिवे घालवून बेसमेंटमध्ये टीव्हीचा आवाज बारीक करून बसत. आता त्या एकट्या बसतात.

"घर का नाही बदललं?" मी विचारलं.

"आम्ही काय केलं होतं म्हणून बदलायचं?"

मी वही काढून टेबलावर ठेवली आणि आराखडा त्यांना वाचायला दिला. नऊवारी, कुंकू, सगळं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं.

"मी नऊवारी कधी नेसले नाही हो," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मी प्रकाशकांना फोन केला. ही कथा मागे घेते, खरी हकिकत लिहून देते, असं सांगितलं.

"ताई, खऱ्या म्हाताऱ्या बाईचं वाचक काय करणार?" ते म्हणाले. "मुखपृष्ठ तयार आहे. चेटकीण झकास आलीय."

"मग पुस्तकच नको."

"बरं, बरं," ते म्हणाले. त्यांच्या बरं-बरंचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

हॅलोविनच्या संध्याकाळी थंडी अशी की पऱ्यांनी पंखांवरून जाड जॅकेटं घातली होती. सई अॅव्होकॅडो झाली होती. अॅव्होकॅडोला कोण घाबरतं हे मी विचारलं नाही. साडेपाचला मी तिला घेऊन थेट पाइनच्या घरापुढे गेले. व्हरांड्यातला दिवा लागलेला होता. दुपारी मी नलिनीताईंना म्हटलं होतं, लावा, मी येते. त्या नाहीच म्हणाल्या होत्या.

"आजी, नो! दॅट्स द हाउस!"

"माझी मैत्रीण राहते तिथं."

सई माझ्या कोटाला धरून पायऱ्या चढली. दार उघडलं. नलिनीताईंच्या हातात पाकीटबंद चॉकलेटांचं टोपलं. "लाडू नाहीत," मला म्हणाल्या. "तो मूर्खपणा मी पुन्हा करणार नाही." मग वाकून सईला म्हणाल्या, "किती गोड दिसतेस गं! काय झाली आहेस तू?"

सईनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "शी टॉक्स लाइक यू," ती हळूच म्हणाली. आणि मग त्यांना, माझ्या देखत पहिल्यांदाच, मराठीत म्हणाली, "मी फळ."

मी सहापासून सव्वासातपर्यंत त्या दारात बसले. सईला निनाद पुढे घेऊन गेला. समोरच्या फुटपाथवरून चेटकिणी, वाघ, अंतराळवीर जात होते. दिवा बघत, थबकत आणि पलीकडे होत. दोनच मुलं आली. नवीन राहायला आलेली असावीत. त्यांच्या आईनं चॉकलेटाचं पाकीट उजेडात धरून उलटंसुलटं पाहिलं. नलिनीताईंनी ते पाहिलं आणि तोंडभर हसून "हॅपी हॅलोविन" म्हटलं. दार लावल्यावर बराच वेळ त्या टोपल्यातली चॉकलेटं नीट रचत बसल्या.

मला वाटलं होतं, सई तरी शाळेत जाऊन खरं सांगेल. सांगितलं तिनं. चेटकिणीकडून चॉकलेट घेऊन आपण जिवंत परत आलो, हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी बसस्टॉपवर मला कळलं की त्या घरात आता दोन चेटकिणी आहेत. एक म्हातारी आणि दुसरी तिची जाडी बहीण, जी इंडियाहून आली आहे आणि घरांचे फोटो काढते.

सांगली

परत येऊन तीन महिने झाले तेव्हा एक वाचक पुस्तक घेऊन आले. गुळगुळीत मुखपृष्ठ, नऊवारीतली चेटकीण, हातात लाडू. लेखक कोणी दुसराच, ज्यानं कॅनडा नकाशातही नीट पाहिला नसावा. पहिली कथा माझ्या आराखड्यावर शब्दन् शब्द बेतलेली. लाडू खाऊन त्यात पाच मुलं मरतात. प्रकाशकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, दंतकथेवर कोणाची मालकी असते का?" तोंड वाजवून बोलले मी, पण आतून ठाऊक होतं. ब्लेडची गोष्ट सांगणाऱ्या त्या बायकांनी निदान दुसऱ्याचं ऐकून सांगितलं होतं. नऊवारी मी स्वतः नेसवली होती.

काही दिवसांनी ऋतुजा फोनवर म्हणाली की ओटावाच्या मराठी मंडळींत ते पुस्तक हातोहात फिरतं आहे. मी लगेच नलिनीताईंना फोन लावला. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. सगळं सांगितलं. 

"म्हणजे आता मराठीतही," त्या म्हणाल्या.

"मी काय करू सांगा, नलिनीताई. खटला करू? पेपरात लिहू?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, या प्रवासाचं लिहीन म्हणून?"

"नाही हो, आता कसलं लिहिते!"

"लिहा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या गोष्टीत माझं नावच नाहीये. चेटकीण, चेटकीण. त्या पोलिसांनीही कागदावर नाव चुकीचं लिहिलं होतं. तुम्ही माझं नाव घाला. पूर्ण घाला. आणि जे झालं तेवढंच लिहा, सजवू नका."

म्हणून लिहिते. नलिनी श्रीधर गोखले, ओटावा. त्यांनी दारात आलेल्या मुलांना बेसनाचे लाडू दिले. मुलांनी ते खाल्ले. एकाला ताप आला, तो साथीचा होता आणि तिसऱ्या दिवशी उतरला. कोणीही मेलं नाही.